वराहमिहिराचार्य आणि भावेशविचार

आपल्याकडे मूल जन्मास आले की पत्रिका मांडली जाते, आणि विवाहाच्या वेळी ती पुन्हा उघडली जाते. अशा वेळी घरातील मंडळी बहुधा एवढेच विचारतात की कोणत्या घरात कोणता ग्रह बसला आहे. सप्तमात शनी दिसला की आईचा जीव खाली-वर होतो; अष्टमेश हा शब्द कानी पडला की आलेले स्थळ परत जाते. परंतु त्या घराचा धनी कोण, तो कोठे गेला आहे, आपल्या घराकडे तो पाहतो की नाही, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. हा धनी म्हणजेच भावेश. या विचाराची भारतीय परंपरेतील जुनी मांडणी पाहू जाता आपणांस अवंतीच्या एका सूर्योपासकाकडे जावे लागते. त्यांचे नाव वराहमिहिराचार्य.

त्यांच्या नावाभोवती कथाच फार. विक्रमादित्याच्या पुत्राचा मृत्यू वराहाकडून होईल असे मिहिराने भाकीत केले, राजाने मुलास कडेकोट बंदोबस्तात ठेवले, आणि नेमलेल्या दिवशी ध्वजस्तंभावरील वराहाची आकृती अंगावर पडून तो मरण पावला. तेव्हापासून मिहिराचे वराहमिहिर झाले, ही कथा सर्वांनी ऐकलेली आहे. विक्रमाच्या नवरत्नांतही त्यांची गणना होते. मात्र ही नवरत्नांची यादी ‘ज्योतिर्विदाभरण’ या ग्रंथात आढळते, आणि तो ग्रंथ विद्वानांच्या मते बराच अलीकडचा आहे. विक्रम संवताचा आरंभ ख्रिस्तपूर्व 57 मध्ये होतो, तर आचार्यांनी आपल्या ‘पंचसिद्धांतिका’ ग्रंथातील गणितासाठी शके 427, म्हणजे इसवी सन 505, हे वर्ष धरले आहे. साडेपाचशे वर्षांचे हे अंतर कोणत्याही कथेने भरून निघत नाही. माझ्या मते त्यांच्या मोठेपणास त्या डुकराची गरजही नाही.

स्वतःविषयी त्यांनी फार थोडे लिहिले आहे. ‘बृहज्जातक’ ग्रंथाच्या शेवटी ते सांगतात की आपण आदित्यदासाचे पुत्र, वडिलांपासूनच आपणांस विद्या मिळाली, कापित्थक येथे सूर्याचा वरप्रसाद लाभला आणि आपण अवंतीचे रहिवासी आहोत. वडिलांच्या नावात आदित्य आणि पुत्राच्या नावात मिहिर, दोन्ही सूर्याचीच नावे. त्यावरून हे घराणे सूर्योपासक होते हे उघड आहे. कपित्थ म्हणजे कवठ. उज्जैनच्या पूर्वेस असलेले कायथा गाव हेच कापित्थक असे अनेकजण मानतात. काहींचे मत निराळे आहे. याच कायथ्यास विष्णु श्रीधर वाकणकर यांनी 1960 च्या दशकात उत्खनन केले व ताम्रपाषाणयुगातील वस्ती उजेडात आणली. माळव्यातील मराठी मंडळींस ते गाव दूर नाही.

त्या काळी उज्जयिनी हे ज्योतिर्गणिताचे माहेरघर होते. भारतीय गणिताची मध्यरेषा लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाते असे मानीत. आर्यभटाने इसवी सन 499 मध्ये आपला ग्रंथ रचला होता. तो वराहमिहिरांस ठाऊक होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटाचे मत मात्र त्यांना पटले नाही. पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेल्या पक्ष्यास आपले घरटे पुन्हा सापडले नसते, अशी त्यांची शंका होती. या ठिकाणी आर्यभट बरोबर होता आणि आचार्य चुकले, हे आज शाळकरी मुलासही माहीत आहे. पण ग्रहणाच्या बाबतीत ते निःसंदिग्ध होते. चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो व सूर्यग्रहणात चंद्र सूर्यास झाकतो, राहू हे त्याचे कारण नव्हे, असे त्यांनी ‘बृहत्संहिता’ ग्रंथात स्पष्ट लिहिले. त्याच ग्रंथात त्यांनी असेही नोंदविले की पूर्वी दक्षिणायन आश्लेषेच्या मध्यापासून सुरू होत असे, आता ते कर्काच्या आरंभी होते. आणि यात फरक पडलेला दिसल्यास प्रत्यक्ष वेध घेऊन निर्णय करावा. त्यांच्या काळी मकरसंक्रांत व उत्तरायण जवळजवळ एकत्र येत. आज उत्तरायण 21-22 डिसेंबरला लागते आणि आपण तिळगूळ वाटतो तो 14-15 जानेवारीस.

पंचसिद्धांतिकेत त्यांनी पैतामह, वासिष्ठ, रोमक, पौलिश आणि सौर अशा पाच सिद्धांतांचे सार एकत्र आणले. त्यांपैकी सौर सर्वांत शुद्ध, रोमक-पौलिश त्यानंतरचे आणि उरलेले दोन फार चुकतात असा निवाडाही दिला. पैतामह म्हणजे साक्षात ब्रह्मदेवाच्या नावाचा सिद्धांत. तरीही आकाशाशी जुळत नाही म्हणून त्यास मागे सारण्यास ते कचरले नाहीत. यवन हे परके असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे चांगले नांदते, म्हणून तेही ऋषींप्रमाणे मान देण्यास योग्य आहेत, हे जुने मत त्यांनी आदराने नमूद केले आहे. आपल्या ज्योतिष्यांच्या तोंडी असलेले केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण हे शब्द मूळचे ग्रीक आहेत. होरा हा शब्दही तसाच. पण अहोरात्र या शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर गळून होरा झाला अशी एक व्युत्पत्ती आचार्यांनी दिली आहे. ती विद्वानांस मान्य नसली तरी मोठी गोड आहे.

आता भावेशाकडे वळू. बृहज्जातकाच्या पहिल्याच अध्यायात राशींचे स्वामी सांगितले आहेत. सिंहाचा सूर्य व कर्केचा चंद्र हे दोघे मधोमध. त्यांच्या दोन्ही बाजूंस मिथुन-कन्येचा बुध, मग वृषभ-तुळेचा शुक्र, मेष-वृश्चिकेचा मंगळ, मीन-धनूचा गुरू आणि शेवटी कुंभ-मकरेचा शनी. म्हणजे राजा-राणीच्या शेजारी शीघ्रगती बुध आणि सर्वांत दूर मंदगती शनी, अशी ही मांडणी आहे. लग्नापासून तनू, धन, सहज, बंधू, पुत्र अशी बारा घरे मोजली की ज्या घरी जी रास पडेल तिचा स्वामी तो त्या घराचा धनी. लग्नास त्याच्या स्वामीने, गुरूने किंवा बुधाने पाहिले अथवा त्यापैकी कोणी तेथे बसला, तर लग्न बलवान होते, असे ते सांगतात. धनी घरी असला, निदान घरावर त्याची नजर असली, म्हणजे घर सावरते. हा व्यवहारातलाच न्याय आहे.

ग्रहांची मैत्री ठरवितानाही स्वामीच कामास येतो. ग्रहाच्या मूलत्रिकोण राशीपासून 2, 4, 5, 8, 9 व 12 या स्थानांचे आणि त्याच्या उच्च राशीचे स्वामी ते मित्र, हा सत्याचार्यांचा नियम त्यांनी स्वीकारला. आठवे आणि बारावे ही घरे येथे मैत्रीच्या यादीत आहेत. नुसत्या आकड्याने भेदरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

भावेशाचा सर्वांत सुंदर उपयोग त्यांनी उपजीविकेच्या अध्यायात केला आहे. लग्नापासून किंवा चंद्रापासून दहाव्या घरी ग्रह असेल तर धन कोणाकडून येईल हे त्यावरून पाहावे. पुढे लग्न, चंद्र व सूर्य यांपासून दहाव्या घराचे स्वामी घ्यावेत, ते ज्या नवमांशात असतील त्या नवमांशाचा स्वामी शोधावा आणि त्याच्या स्वभावावरून धंदा सांगावा. उदाहरणार्थ, मेष लग्नाच्या पत्रिकेत दहावे घर मकर, त्याचा धनी शनी. तो तुळेच्या शेवटच्या नवमांशात, म्हणजे शेवटच्या 3 अंश 20 कलांत असेल तर तो नवमांश मिथुनेचा होतो, आणि मिथुनेचा स्वामी बुध. तेव्हा शनीचे कष्ट व ओझी वाहणे न सांगता बुधाचे लेखन, गणित, कलाकुसर सांगावयाचे. घर एकाचे, धनी दुसरीकडे, आणि निर्णय तिसऱ्याच्या हाती! एवढे पाहिल्यावाचून फळ सांगणाऱ्याने घाई केली असेच म्हणावे लागेल.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. केंद्राचे व त्रिकोणाचे स्वामी एकत्र आले असता राजयोग होतो, वृषभ व तूळ लग्नांस शनी योगकारक ठरतो, तिसऱ्या-सहाव्या-अकराव्याचे स्वामी अशुभ मानावेत, हा जो विचार आज प्रत्येक ज्योतिषी बोलतो, तो लघुपाराशरी या नावाने प्रसिद्ध असलेल्या परंपरेतला आहे. बृहज्जातकात तो अशा रूपाने नाही. वराहमिहिरांच्या नावावर तो खपविणे बरोबर नव्हे.

त्यांचे पुत्र पृथुयशस यांनी ‘षट्पंचाशिका’ हा छोटा प्रश्नग्रंथ लिहिला. जो भाव आपल्या स्वामीने किंवा शुभ ग्रहांनी युक्त वा दृष्ट असेल त्याची वृद्धी होते, पापग्रहांनी असेल त्याची हानी होते, आणि प्रश्नास व जन्मास दोहोंस हे लागू आहे, असा नियम त्यात आरंभीच येतो. वडिलांनी लग्नाविषयी सांगितलेले मुलाने बाराही घरांस लावले, असे मला ते वाचताना वाटते.

फळ सांगणाऱ्याकडून आचार्यांची अपेक्षा मोठी कडक होती. पाचही सिद्धांत, कालमापन, ग्रहांच्या गती, ग्रहणांचे गणित आणि वेध हे सारे ज्यास येते तोच दैवज्ञ. हे न शिकता लोकांस भविष्य सांगणाऱ्याविषयी त्यांनी फार कठोर शब्द वापरले आहेत. आमच्यासारख्या पौरोहित्य करणाऱ्या घरांनी ते अधूनमधून वाचावेत.

देवळाच्या दृष्टीने बृहत्संहिता म्हणजे एक भांडारच आहे. देवालयाचे वीस प्रकार, मूर्तीची मापे, कोणत्या देवाची प्रतिष्ठा कोणत्या उपासकांनी करावी, हे सर्व तीत आहे. सूर्याची मूर्ती उत्तरेकडील वेषात, पायांपासून छातीपर्यंत झाकलेली असावी आणि तिची स्थापना मग ब्राह्मणांकडून व्हावी, असे तेथे म्हटले आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले वगैरे पाण्यात आटवून त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ घालून करावयाचा वज्रलेपही तेथेच सांगितला आहे. देवळाच्या भिंतींस व मूर्तींस तो लावीत. वारुळे आणि झाडे पाहून जमिनीखालचे पाणी शोधण्यावर तर स्वतंत्र अध्याय आहे.

ब्रह्मगुप्ताच्या ‘खंडखाद्यक’ ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या आमराजाने आचार्यांचा मृत्यू शके 509, म्हणजे इसवी सन 587 मध्ये झाला असे लिहिले आहे. शके 427 हा त्यांच्या लेखनाचाच काळ धरला तर आयुष्य शंभरीच्या घरात जाते. म्हणून यांतील कोणते वर्ष कितपत धरावे याविषयी मतभेद आहेत. दहाव्या शतकात भट्टोत्पलाने त्यांच्या ग्रंथांवर विस्तृत टीका लिहिल्या. अकराव्या शतकात अल्बेरुनीने त्यांचे ‘लघुजातक’ अरबीत नेले. पंचसिद्धांतिका मात्र जवळजवळ लुप्तच झाली होती. डॉ. थिबो आणि काशीचे पंडित सुधाकर द्विवेदी यांनी अशुद्ध हस्तलिखितांवरून ती जुळवून 1889 मध्ये छापली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1896 मध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत प्रसिद्ध झाला, आणि वराहमिहिरांचा काळ व ग्रंथ यांची चिकित्सा मराठी वाचकांस आपल्या भाषेत वाचावयास मिळाली.