रुडॉल्फ डिझेल: इंजिनामागचा माणूस आणि शेंगदाणा तेलाची खरी गोष्ट



दरवर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन येतो. परिपाठात त्या दिवसाची माहिती वाचली जाते आणि त्यात एक वाक्य हमखास असतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ साली याच दिवशी शेंगदाणा तेलावर इंजिन चालवलं, असं ते वाक्य. ऐकायला छान आहे, मुलांच्या लक्षातही राहतं. पण ते बरोबर नाही. तारीख खरी आहे, माणूस खरा आहे, शेंगदाणा तेलही खरं आहे. फक्त या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी घडलेल्या नाहीत.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा चुकीने काय बिघडतं? बिघडतं असं की त्या एका वाक्यामुळे या माणसाची सगळी मेहनतच झाकली जाते. शोध एका दिवसात लागतो, असं मुलांना वाटू लागतं. म्हणून या लेखात डिझेल यांचं आयुष्य नीट क्रमाने पाहू. वर्गात सांगताना यातलं हवं तेवढं घ्या.

कारागिराचा मुलगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील थिओडोर चामड्याच्या वस्तू बनवायचे. घरची परिस्थिती बेताची. तयार माल गिऱ्हाइकांकडे पोचवायला लहान रुडॉल्फही जायचा. पॅरिसमध्ये जुन्या यंत्रांचं एक मोठं संग्रहालय आहे. तिथली यंत्रं पाहायला त्याला फार आवडायचं.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. फ्रान्समध्ये राहणारी जर्मन माणसं रातोरात परकी ठरली. डिझेल कुटुंबाला घर सोडून लंडन गाठावं लागलं. तिथे सगळ्यांचं पोट भरणं कठीण, म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात नातेवाइकांकडे पाठवलं. ते नातेवाईक गणिताचे शिक्षक होते. विचार करा, सहावी-सातवीतलं पोर, देश बदललेला, आई-वडील दूर. तरीही १४ व्या वर्षी त्याने घरी कळवून टाकलं की मला इंजिनिअर व्हायचं आहे.

शिकू द्यायचं की कामाला लावायचं?

पालकांनो, हा भाग खास तुमच्यासाठी. १८७५ साली रुडॉल्फला म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिष्यवृत्ती मिळाली. आई-वडिलांना मात्र वाटत होतं की मुलाने आता नोकरी धरावी आणि घराला हातभार लावावा. त्यांचंही काही चूक नव्हतं, हातात पैसाच नव्हता. रुडॉल्फ त्यांच्या इच्छेविरुद्ध म्युनिकला गेला.

तिथे त्याला कार्ल फॉन लिंड हे प्राध्यापक लाभले. कृत्रिम थंडी निर्माण करणाऱ्या यंत्रांचे हे मोठे संशोधक. १८७९ साली ऐन परीक्षेच्या वेळी रुडॉल्फला टायफॉइड झाला आणि परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेपर्यंत तो स्वस्थ बसला नाही. स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर गावी सुल्झर कारखान्यात त्याने प्रत्यक्ष यंत्रांवर काम केलं. जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली आणि उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. मग लिंड यांच्याच कंपनीत, पॅरिसला बर्फाच्या कारखान्याचं काम पाहू लागला.

वाया जाणारी उष्णता

त्या काळी कारखाने वाफेच्या इंजिनांवर चालत. या इंजिनांत कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी यायचा, बाकीची धुराड्यातून आणि गरम पाण्यातून निघून जायची. शिवाय वाफेचं इंजिन अवाढव्य आणि महाग. ते मोठ्या भांडवलदारालाच परवडणार. चामडं शिवणाऱ्या छोट्या कारागिराने काय करायचं? डिझेल यांच्या मनात हाही विचार होता. छोट्या माणसालाही वापरता येईल, असं कमी इंधन खाणारं इंजिन त्यांना हवं होतं.

आधी त्यांनी अमोनियाच्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचे प्रयोग केले. ते फसले. मग त्यांनी वेगळा विचार केला.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. हवा दाबली की तापते. डिझेल यांचं म्हणणं असं, की सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापेल. मग त्यात इंधन सोडायचं. ते आपोआप पेटेल, ठिणगीची गरजच नाही. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते, डिझेल इंजिनात लागत नाही, हा फरक इथूनच आला. या कल्पनेचं पेटंट त्यांनी १८९२ साली मागितलं आणि १८९३ साली ते मिळालं.

इथे एक गोष्ट अधोरेखित करा. या कल्पनेत इंधन कोणतं, हा मुद्दा दुय्यम आहे. तापलेल्या हवेत पेट घेईल आणि सिलिंडरमध्ये नीट फवारता येईल, असं काहीही चालेल. कोळशाच्या बारीक भुकटीचाही विचार डिझेल यांनी केला होता.

१० ऑगस्ट १८९३: त्या दिवशी काय झालं?

ऑग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याने प्रयोगाला जागा दिली. क्रुप या कंपनीनेही पैसा पुरवला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या इंजिनात इंधन सोडलं गेलं. ते खनिज तेलापासूनचं होतं, शेंगदाण्याचं नव्हतं. इंधन पेटलं, दाब सुमारे ८० वातावरणांपर्यंत चढला आणि दाब मोजणारं उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. सुदैवाने जीव वाचला. इंजिन काही स्वतःच्या बळावर चाललं नाही.

मग हा दिवस महत्त्वाचा का? कारण नुसत्या दाबलेल्या हवेने इंधन पेटतं, हे त्या दिवशी दिसलं. कल्पना खरी ठरली, यंत्र मात्र अजून कच्चं होतं.

पुढे १७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारलेलं इंजिन पहिल्यांदा स्वतःहून फिरलं. किती वेळ? साधारण एक मिनिट! त्यानंतर आणखी तीन वर्षं गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णता कामात उतरली होती. वाफेच्या इंजिनाशी तुलना केली की या आकड्याची किंमत कळते.

एका मिनिटापासून या आकड्यापर्यंत तीन वर्षं लागली. मुलांना सांगायची गोष्ट हीच आहे.

मग शेंगदाणा तेल कुठून आलं?

ते आलं सात वर्षांनी. १९०० साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. ही सूचना फ्रेंच सरकारची होती. त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकायचा. तिथे कोळसा किंवा खनिज तेल बाहेरून नेण्यापेक्षा जागच्या तेलावर इंजिन चाललं तर बरं, असा त्यांचा हिशेब होता. मूळ इंजिन खनिज तेलासाठी बनवलेलं होतं, त्यात काहीही बदल न करता ते चाललं. इतकं सुरळीत चाललं की पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना वेगळं तेल वापरलंय हे कळलं.

डिझेल यांनी पुढे स्वतःही वनस्पती तेलांवर लक्ष घातलं. १९१२ साली त्यांनी लिहून ठेवलं की आज या तेलांना फारसं महत्त्व नसलं, तरी काळाच्या ओघात ती खनिज तेलाइतकीच महत्त्वाची होऊ शकतील. तेव्हा वनस्पती तेलाशी त्यांचं नातं खरंच होतं. फक्त ते १८९३ चं नाही.

शेवटचा प्रवास

शोधाने डिझेल यांना पैसा दिला. अमेरिकेतले हक्कच दहा लाख मार्कांना विकले गेले. पण पेटंटची भांडणं, सततचा ताण, ढासळलेली तब्येत आणि चुकलेले जमीन व्यवहार यांत तो पैसा गेला. बाहेरून म्युनिकमधलं आलिशान घर दिसत होतं, आतून कर्ज वाढत होतं. आणि गंमत पाहा, याच काळात त्यांचं इंजिन जगभर पसरत होतं. १९१२ साली सेलांडिया हे डिझेल इंजिनाचं मोठं जहाज समुद्र ओलांडून गेलं.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी ते अँटवर्पहून ड्रेस्डेन या बोटीने इंग्लंडला निघाले. रात्रीचं जेवण झालं, ते आपल्या खोलीकडे गेले, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगितलं. सकाळी खोली रिकामी होती, बिछाना तसाच होता. टोपी आणि घडी घातलेला कोट डेकच्या कठड्याजवळ सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. त्याच्या खिशातल्या वस्तू त्यांच्या मुलाने ओळखल्या. त्यांनी स्वतःच जीवन संपवलं असावं, असं बहुतेक चरित्रकार मानतात, पण याचा पक्का निकाल कधीच लागला नाही. लहान वर्गात हा भाग थोडक्यात सांगा. मोठ्या मुलांशी मात्र बोला. यशस्वी दिसणारा माणूसही आतून खचलेला असू शकतो आणि अशा वेळी कुणाशी तरी बोलणं गरजेचं असतं, हे त्यांना कळायला हवं.

आज तळणीच्या तेलावर गाडी का चालत नाही?

हा प्रश्न मुलं विचारणारच. १९०० साली चाललं, मग आज कढईतलं उरलेलं तेल टाकीत ओतलं तर काय होईल?

डिझेल यांच्या काळची इंजिनं मोठी आणि संथ होती. इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने आत ढकललं जाई, त्यामुळे घट्ट तेलही चालून जाई. पुढे स्वस्त खनिज डिझेल मिळू लागलं आणि इंजिनं त्या पातळ इंधनासाठी घडत गेली. त्यांच्या फवारणीची छिद्रं फार बारीक असतात. खाद्यतेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट असतं. ते नीट फवारलं जात नाही, अर्धवट जळतं आणि काजळी धरतं.

उपाय म्हणजे तेल पातळ करणं. खाद्यतेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून, साधारण ५५ ते ६० अंश तापमानाला ढवळलं की साखळ्या ग्लिसरीनपासून सुटतात आणि मिथेनॉलशी जोडल्या जातात. ग्लिसरीन तळाशी बसतं, वर राहतं ते बायोडिझेल. १०० किलो तेलामागे साधारण १० किलो ग्लिसरीन निघतं. अशा पद्धतीचं पेटंट बेल्जियममध्ये १९३७ साली शावान यांनी घेतलं, म्हणजे डिझेल यांच्या मृत्यूनंतर २४ वर्षांनी.

तळणीचं तेल यासाठी चालतं, पण आधी गाळून त्यातलं पाणी काढावं लागतं. पाणी राहिलं किंवा तेल फार खवट असलं की बायोडिझेलऐवजी साबण होतो. तयार झालेलं बायोडिझेलही धुऊन, कोरडं करूनच वापरायचं असतं. थंडीत ते गोठू लागतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या खराब करू शकतं.

परदेशात बरेच हौशी लोक हे घरी करतात. पण शाळेत किंवा घरी मुलांकडून हा प्रयोग करून घेऊ नका. मिथेनॉल विषारी आहे, त्याची वाफही घातक असते आणि त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही. कॉस्टिक सोड्याने त्वचा आणि डोळे भाजतात.

वर्गात काय करता येईल?

१. सायकलचा पंप आणा. मुलांना दहा-पंधरा वेळा हवा भरू द्या आणि मग पंपाच्या टोकाला हळूच हात लावायला सांगा. डिझेल इंजिनाचं तत्त्व हातालाच कळेल.

२. तिरक्या ताटात एका टोकाला पाण्याचा आणि खाद्यतेलाचा एकेक थेंब सोडा. कोण आधी खाली पोचतो? तेल पातळ का करावं लागतं, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

३. घरी उरलेल्या तळणीच्या तेलाचं काय होतं, हे मुलांना विचारून यायला सांगा. ते मोरीत ओतलं तर नाल्या तुंबतात, आणि पुन्हा पुन्हा तापवून वापरलं तर तब्येतीला वाईट. भारतात जुलै २०१८ पासून नियम आहे की तेलातील एकूण ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली तर ते खाण्यासाठी वापरायचं नाही. असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची रुको ही मोहीम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सुरू केली, तीही १० ऑगस्टलाच, २०१८ साली.

पुढच्या १० ऑगस्टला परिपाठात ते जुनं वाक्य बदलून पाहा. त्या दिवशी शेंगदाणा तेलावर इंजिन चाललं नव्हतं. त्या दिवशी एक उपकरण फुटलं होतं आणि तरीही एक माणूस पुन्हा कामाला लागला होता, असं सांगा. मुलांना हे जास्त आवडेल आणि ते खरंही आहे.