शाळा अर्ध्यावर सुटलेल्या आबासाहेब गरवारेंचं नाव कॉलेजला, मेट्रो स्टेशनला आणि टेपलाही कसं लागलं?

6 मार्च 2022. पुण्यात मेट्रोचे दोन टप्पे एकाच दिवशी सुरू झाले. एक पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी आणि दुसरा वनाझ ते गरवारे कॉलेज. हे गरवारे नाव रोज हजारो लोक ऐकतात. वानखेडे स्टेडियममध्ये मॅच बघणाऱ्यांना गरवारे पॅव्हेलियन माहीत असतं, चिंचवडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना गरवारेंची दोरखंडाची कंपनी माहीत असते. पण हे गरवारे नेमके कोण, असं विचारलं की बरेच जण गडबडतात.

तर भालचंद्र दिगंबर गरवारे, म्हणजेच आबासाहेब. जन्म 21 डिसेंबर 1903, गाव सांगली जिल्ह्यातलं तासगाव. शिक्षण अर्ध्यावर सुटलं आणि पोरगं कोवळ्या वयातच मुंबईला आलं. त्या काळात मोटारगाडी म्हणजे संस्थानिक आणि बड्या शेठजींची चैन. आबासाहेब याच गाड्यांच्या धंद्यात शिरले. डेक्कन मोटर एजन्सी नावानं जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री सुरू केली. जगभर मंदी आली, तेव्हा घरात बसून राहण्यापेक्षा त्यांनी इंग्लंड गाठलं आणि तिथंही जुन्या गाड्यांचा व्यवहार केला. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्याच देशात जाऊन तासगावचा माणूस गाड्यांचा व्यापार करत होता.

पण व्यापारात एक अडचण असते. माल दुसऱ्याचा असतो. तो यायचा थांबला की दुकान थांबतं. आबासाहेब पुढं उत्पादनाकडं वळले आणि त्यांनी निवडलं प्लॅस्टिक, ज्याला तेव्हा भारतात फारसं कुणी विचारत नव्हतं. मग नायलॉन आलं. कोळ्यांची जाळी आधी सुताची असायची, पाण्यात कुजायची, सारखी वाळवावी लागायची. नायलॉनचं जाळं कुजत नाही. 1976 साली अमेरिकेतल्या वॉल कंपनीच्या सहकार्यानं गरवारे वॉल रोप्स उभी राहिली आणि चिंचवड दोरखंडासाठी ओळखलं जाऊ लागलं. आज ती गरवारे टेक्निकल फायबर्स या नावानं चालते.

याच सत्तरच्या दशकात औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, गरवारेंनी पॉलिस्टर फिल्म बनवायला सुरुवात केली. आता ही फिल्म म्हणजे काय, हे जुने टेपरेकॉर्डर जमवणाऱ्या माणसाला विचारा.

1969 मध्ये अमेरिकेत क्वाड्राफोनिक टेप बाजारात आल्या. स्टिरिओला दोन स्पीकर, याला चार. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवायचे आणि गाणं चारी बाजूंनी ऐकायचं. साध्या स्टिरिओ स्पूलवर जाताना दोन ट्रॅक वाजतात आणि उलटी फिरवली की उरलेले दोन. क्वाडमध्ये चारही ट्रॅक एकाच दिशेनं एकदम वाजतात, त्यामुळं त्याच टेपवर निम्माच वेळ मिळतो. एकेक ट्रॅक जेमतेम 1 मिलिमीटर रुंद. खालच्या फिल्मवर बारीकसा उंचवटा असला तरी तेवढ्यापुरता एक कोपरा मुका होतो.

म्हणून टेपचा जीव चुंबकीय थरात असला तरी कणा असतो फिल्म. जुनी अ‍ॅसिटेटची टेप ताण आला की कट्टकन तुटायची. पॉलिस्टर तुटत नाही, कारण ते वितळवून थंड रोलरवर ओततात आणि मग आधी लांबीत, नंतर रुंदीत ताणतात. त्यानं रेणू एका ओळीत बसतात आणि केसाएवढी पातळ फिल्मही चिवट होते. आजही पन्नास वर्षांपूर्वीची स्पूल वाजवताना घोटाळा होतो तो बहुतेकदा वरच्या थराचा. त्यातला चिकटवणारा पदार्थ दमट हवेत पाणी ओढतो आणि टेप चिकट होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. असे शौकीन टेप मंद आचेवर काही तास शेकवतात आणि मगच मशीनला लावतात. खालची पॉलिस्टर फिल्म हे सगळं सोसते.

गरवारेंचा फिल्मचा धंदा सुरू झाला तोवर क्वाड्राफोनिकची हौस ओसरत आली होती. वेगवेगळ्या पद्धती, महागडी मशीन, घरात चार स्पीकर ठेवायला जागा नाही. पण फिल्मला गिऱ्हाईक कमी नव्हतं. पॅकिंग, विजेच्या तारांचं इन्सुलेशन, काचेवरची सनकंट्रोल फिल्म. पुढं व्हिडिओचा जमाना आला तेव्हा कॅसेटवरही गरवारे हे नाव झळकलं. ज्या माणसानं जुन्या गाड्या विकून सुरुवात केली, त्याच्याच घराण्याची फिल्म गाड्यांच्या काचांवर चढली.

मिळवलेल्या पैशातला वाटा त्यांनी शाळा-कॉलेजांना दिला. पुण्यात 1945 ला सुरू झालेल्या एमईएस कॉलेजला त्यांचं नाव लागलं. मुंबई विद्यापीठात गरवारे इन्स्टिट्यूट उभं राहिलं, जिथं कामाला लागण्यापुरतं कौशल्य शिकवलं जातं. ज्याला स्वतःला शाळा पुरी करता आली नाही त्याला याचं मोल जास्त कळलं असणार. ते मुंबईचे शेरीफ झाले, 1971 साली पद्मभूषण मिळालं. 2 नोव्हेंबर 1990 रोजी त्यांचं निधन झालं.

मराठी माणसाला धंदा जमत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला चिंचवडच्या एमआयडीसीतून एक चक्कर मारून आणा.