डॉ. प्रमोद करण सेठी : मांडी घालू देणारा पाय

आमच्या ओझरकडे द्राक्षबागा. चिखलात अनवाणी जायचं, उकिडवं बसायचं, जेवायला मांडी घालायची, हे रोजचंच. पण ज्याचा पाय कापावा लागला, त्याने काय करायचं? याचं उत्तर डॉ. प्रमोद करण सेठी यांनी शोधलं.

त्यांचा जन्म १९२७ साली वाराणसीत झाला. पुढे जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात ते हाडांचे डॉक्टर झाले. तेव्हाचा कृत्रिम पाय विलायती घडणीचा, बुटातच चालणारा. तो लावून शेतात उतरता येईना की मांडी घालता येईना. पेशंट तो बाजूला ठेवून परत कुबड्या घ्यायचे. चूक पेशंटची नाही, पायाची आहे, हे सेठींनी ओळखलं.

कारागीर रामचंद्र शर्मा फारसे शिकलेले नव्हते, पण हातात कला होती. दोघांनी मिळून रबर आणि लाकडाचा, घोट्यात लवचिक असा 'जयपूर फूट' घडवला. वरची खोळ मात्र ज्याच्या-त्याच्या मापाचीच लागते. माप चुकलं की कातडी सोलवटते. मूल वाढलं की पायही नवा करावा लागतो.

मुंबईच्या सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा नृत्य करू लागल्या. १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००८ साली ते गेले.

शिक्षक-पालकहो, सेठींनी माणसाला पायाजोगं वळवलं नाही, पाय माणसाजोगा केला. वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी आपणही एवढं करूया.