रोझमेरीची बहीण



केनेडी हे आडनाव आपल्यापैकी बहुतेकांना १९६३ साली गोळ्या घालून मारल्या गेलेल्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षांमुळे परिचित आहे. जॉन केनेडींच्या पाठीवर जन्मलेली एक बहीण त्यांना होती, आणि जवळजवळ वीस वर्षे तिचे नाव घराबाहेर उच्चारले जात नव्हते. पुढे ते नाव जगासमोर आणले दुसऱ्या एका बहिणीने, युनिसने. या दोघींच्या आयुष्याचा धागा इतका एकमेकींत गुंतलेला आहे की एकीचे चरित्र सांगू लागलो तर दुसरीचे आपोआपच सांगितले जाते.

थोरली रोझमेरी. तिचा जन्म १३ सप्टेंबर १९१८ रोजी बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन गावी झाला. ते फ्लूच्या महासाथीचे दिवस होते. डॉक्टर यायला उशीर झाला, म्हणून सुईणीचे काम करणाऱ्या परिचारिकेने प्रसूती रोखून धरली आणि त्यात बाळाच्या मेंदूला इजा पोहोचली, असे तिचे चरित्रकार लिहितात. रोझमेरी उशिरा चालू लागली, उशिरा बोलू लागली, अक्षरे तिला कधी नीट वश झाली नाहीत. तिला डाऊन सिंड्रोम नव्हता, हे येथेच सांगून टाकतो. डाऊन सिंड्रोममध्ये पेशीत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. १८६६ साली इंग्रज डॉक्टर लँगडन डाऊन यांनी त्या मुलांचे वर्णन केले आणि १९५९ साली फ्रान्समध्ये त्याचे कारण प्रसिद्ध झाले. रोझमेरीची गोष्ट निराळी होती. मात्र समाजाने दोन्ही प्रकारच्या मुलांना एकाच अंधाऱ्या खोलीत ठेवले, आणि त्या खोलीचे दार उघडले तेही दोघांसाठी एकदमच.

युनिसचा जन्म १० जुलै १९२१ चा. नऊ भावंडांत ती पाचवी, अंगाने काटकुळी, पण पोहण्यात, टेनिसमध्ये, शिडाच्या होड्या हाकण्यात भावांनाही मागे टाकणारी. वडील जोसेफ केनेडी अतिशय महत्त्वाकांक्षी. त्यांच्या घरात दुसऱ्या क्रमांकाला किंमत नव्हती. अशा घरात रोझमेरीचे काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकता. हायॅनिस पोर्टच्या समुद्रात उन्हाळ्यात होड्यांच्या शर्यती होत. रोझमेरीला एकटीने होडी सांभाळता येत नसे. युनिस तिला आपल्या होडीत जोडीदार म्हणून घेई. पुढचे छोटे शीड सांभाळण्याचे काम रोझमेरी चांगले करी, आणि आपली होडी पहिली आली म्हणजे तिच्या आनंदाला पारावार उरत नसे. युनिसने पुढे जे काही केले, त्याचे बीज मला या होडीत दिसते. बहिणीला काठावर बसवून टाळ्या वाजवायला लावणे सोपे होते. तिने तिच्या हातात दोरी दिली.

१९३८ साली वडील राजदूत म्हणून लंडनला गेले. मे महिन्यात रोझमेरी इंग्लंडच्या राजाराणीपुढे समारंभपूर्वक हजर झाली. तेथील एका कॉन्व्हेंटमध्ये माँटेसरी पद्धतीने लहान मुलांना शिकवण्याचे काम ती करू लागली, आणि आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस तिला तेथे लाभले. महायुद्धामुळे १९४० मध्ये तिला परत यावे लागले आणि तिची घडी विस्कटली. ती चिडू लागली, रात्री-अपरात्री बाहेर पडू लागली. नोव्हेंबर १९४१ मध्ये, ती २३ वर्षांची असताना, वडिलांनी तिच्या मेंदूवर लोबोटॉमी नावाची शस्त्रक्रिया करवून घेतली. त्या काळी ती शस्त्रक्रिया नवा शोध म्हणून वाखाणली जात होती. रोझमेरीची वाचा गेली, चालणे गेले. चालायला ती हळूहळू पुन्हा शिकली, बोलणे फारसे परत आले नाही. पित्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. परंतु घराण्याच्या नावाची चिंता मुलीच्या जिवापेक्षा मोठी झाली की काय घडते, ते येथे दिसते, आणि याला चूक म्हणायला मी कचरत नाही.

१९४९ पासून विस्कॉन्सिन राज्यातील जेफरसन येथे फ्रान्सिस्कन भगिनींनी चालवलेल्या सेंट कोलेटा संस्थेत ती राहू लागली. घरी तिच्याविषयी बोलणे बंद झाले. भावंडांची भेट नाही. बाहेर कोणी विचारले, तर ती दूर कोठेतरी अपंग मुलांना शिकवते, असे सांगितले जाई.

आता आपल्याकडे पाहा. १९४४ साली, म्हणजे केनेडींच्या घरात हे मौन होते त्याच काळात, मुंबईत जय वकील आणि होर्मसजी वकील या पारशी दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या दीनासाठी शाळा काढली आणि इतरांच्या मुलांनाही त्यात घेतले. जय वकील शाळा आज शिवडीला आहे. संपत्ती आणि सत्ता यांच्या जोरावर जे सुचत नाही, ते कधी कधी साध्या मायेला सुचते. तरीही आपल्या किती ख्रिस्ती घरांत, बहिणीचे लग्न ठरेपर्यंत अशा भावाला पाहुण्यांसमोर येऊ दिले जात नाही, हे आपण जाणताच. मूल असे का जन्मले, कोणाच्या पापामुळे, हा शिष्यांनी जन्मांधाविषयी विचारलेला प्रश्न आपल्या मंडळ्यांत अजून दबक्या आवाजात विचारला जातो. प्रभूने त्या प्रश्नाची दिशाच बदलून टाकली होती, याचे आपल्याला विस्मरण होते.

युनिसने स्टॅनफर्डमधून १९४३ साली समाजशास्त्राची पदवी घेतली. पुढे वेस्ट व्हर्जिनियातील स्त्रियांच्या तुरुंगात आणि शिकागोत बालगुन्हेगारांमध्ये तिने समाजसेविका म्हणून काम केले. १९५३ मध्ये सार्जंट श्रायव्हर यांच्याशी विवाह झाला. पाच मुले झाली. नित्य मिस्साला जाणारी ही श्रद्धावान स्त्री होती. युद्धात मरण पावलेल्या थोरल्या भावाच्या नावाने १९४६ साली वडिलांनी प्रतिष्ठान काढले होते. १९५७ पासून युनिसबाईंनी त्याची सूत्रे हाती घेतली आणि त्याचे काम बौद्धिक अपंगत्वाकडे वळवले. पतीसह त्यांनी देशभरातील संस्था पाहिल्या. कोंदट दालने, दाटीने मांडलेल्या खाटा, दिवसभर काहीही न करता बसून राहिलेली माणसे. खेळाचे साधन कोठेच नव्हते. श्रम केले तर या मुलांना अपाय होईल, अशीच जाणत्यांचीही समजूत होती.

एका आईने त्यांना कळवले की आपल्या मुलाला कोणतेही उन्हाळी शिबिर घेत नाही. तेव्हा जून १९६२ मध्ये युनिसबाईंनी मेरिलँडमधील आपल्या घराच्या आवारातच शिबिर उघडले. तीसेक मुले, आणि जवळजवळ प्रत्येकामागे एक विद्यार्थी-स्वयंसेवक. घोडा, चेंडू, झाडावर चढणे, पोहणे. बाई स्वतः तलावात उतरून मुलांना पोहायला शिकवत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका मोठ्या साप्ताहिकात लेख लिहून त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या बहिणीची गोष्ट उघड केली. होडीच्या शर्यतीची आठवण त्या लेखातलीच. शस्त्रक्रियेचा उल्लेख मात्र त्यात नव्हता. तेवढे सत्य बाहेर यायला आणखी काळ जावा लागला. तरी लाखो घरांतील आईबापांनी तो लेख वाचला आणि आपण एकटे नाही, हे त्यांना प्रथमच कळले.

घराच्या आवारातून मोठे कार्य उभे राहिल्याचे उदाहरण आपल्या वाचकांना लखनौमुळे ठाऊक आहे. १८७० साली इझाबेला थोबर्नबाईंनी तेथील अमीनाबाद बाजारात सहा मुली घेऊन शाळा सुरू केली, तेव्हा मुली शिकू शकतात हेच पुष्कळांना पटत नव्हते. भाऊ जेम्स थोबर्न यांच्या पत्रामुळे त्या भारतात आल्या होत्या आणि १९०१ मध्ये लखनौलाच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आज तेथे आहे, आणि त्याच शहरात २००८ पासून अपंगांच्या उच्च शिक्षणासाठी डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विद्यापीठही आहे. ज्यांना शिकवून उपयोग नाही असे समजले जाते, त्यांची यादी काळानुसार बदलते. पुन्हा कोणीतरी सहा जणांना घेऊन बसावे लागते.

२० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिले स्पेशल ऑलिंपिक्स भरले. कल्पना मूळ शिकागोच्या उद्यान विभागातील एका तरुण शिक्षिकेची. युनिसबाईंनी ती उचलून विस्तारली. सुमारे १००० खेळाडू अमेरिकेच्या २६ राज्यांतून आणि कॅनडातून आले होते. भाऊ रॉबर्टची हत्या होऊन सात आठवडेही पुरते झाले नव्हते. त्या प्रचंड मैदानाच्या आसनांवर शंभरसुद्धा प्रेक्षक नव्हते. तरी बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि लाखो मुले अशी खेळतील असे त्यांनी सांगितले.

या स्पर्धांची रचना मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. प्रवेश वयाच्या आठव्या वर्षापासून, वरची मर्यादा नाही. आधी प्राथमिक फेरी होते. तिच्यातील वेळ किंवा अंतर पाहून, वय आणि स्त्री-पुरुष हा भेद लक्षात घेऊन, सारख्या कुवतीच्या तीन ते आठ खेळाडूंचे गट पाडतात. हळू धावणारा हळू धावणाऱ्यांशीच झुंजतो, म्हणून त्याची शर्यत खरी चुरशीची होते. प्राथमिक फेरीत मुद्दाम सावकाश धावून अंतिम फेरीत उसळी मारणारा बाद होऊ शकतो! पहिल्या तिघांना पदके, बाकीच्यांना फिती. डाऊन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो. अशांना सूर मारणे, कोलांट्या घेणे धोक्याचे, म्हणून त्याबाबत वैद्यकीय काळजी घेतली जाते. पौलाने करिंथकरांना लिहिताना वापरलेला ग्रीक शब्द मैदानाचाच आहे: तेथे धावतात सर्व, बक्षीस एकाला. पौलाचा मुद्दा वेगळा होता. पण करिंथच्या त्या मैदानात ज्यांना पाऊल टाकू दिले नसते, त्यांच्यासाठी युनिसबाईंनी मैदान आखले आणि शर्यतीची धार बोथट होऊ दिली नाही. दयेपोटी दिलेले बक्षीस खेळाडूला ओळखू येते.

टीकाही झाली. या मुलांना वेगळे काढून खेळवणे म्हणजे वेगळेपणा पक्का करणे, असे काहींचे म्हणणे होते. शेवटच्या रेषेवर प्रत्येकाला मिठी मारणारे स्वयंसेवक प्रौढ खेळाडूला बालकच समजतात, असेही. त्या टीकेत तथ्य होते. पुढे अपंग आणि इतर खेळाडूंचे मिश्र संघ सुरू झाले, ते योग्यच झाले.

१९८८ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या चळवळीला मान्यता दिली. २००३ मध्ये डब्लिनला उन्हाळी जागतिक स्पर्धा प्रथमच अमेरिकेबाहेर भरल्या. भारतात स्पेशल ऑलिंपिक्स भारत ही संस्था हे काम करते. २०२३ च्या बर्लिन स्पर्धांतून आपले खेळाडू २०० हून अधिक पदके घेऊन आले. आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांना किती जागा दिली, हे आपणच आठवून पाहावे.

रोझमेरी या स्पर्धांत कधी उतरली नाही. १९४१ नंतर ते शक्यच नव्हते. पण १९६० च्या दशकात तिच्या आयुष्यात कुटुंब परत आले. युनिसबाई तिला भेटायला जात, आपल्या घरी आणत, आपल्या मुलांमध्ये बसवत. पोहणे तिला अखेरपर्यंत आवडे. ७ जानेवारी २००५ रोजी, ८६ व्या वर्षी, विस्कॉन्सिनमध्ये तिने प्राण सोडला, तेव्हा युनिस आणि इतर भावंडे उशाशी होती.

युनिसबाई ११ ऑगस्ट २००९ रोजी वारल्या. हायॅनिसच्या सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चमधील अंत्यविधीला स्पेशल ऑलिंपिक्सचे खेळाडू आले होते. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र दालनात त्यांचे तैलचित्र लागले. ते रंगवणाऱ्या चित्रकाराचा स्वतःचा मुलगा डाऊन सिंड्रोम असलेला आहे. चित्रात बाई एकट्या नाहीत. त्यांच्याभोवती पाच जण आहेत, आणि ते सारे केप कॉडच्या समुद्रकिनाऱ्यावर उभे आहेत.