कॅरी ग्रँट सोबत असूनही चित्रपट पडला. मग कॅथरीन हेपबर्न सावरल्या कशा?
कॅथरीन हेपबर्न यांचा जन्म १९०७ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्डचा. ‘मॉर्निंग ग्लोरी’साठी त्यांना पहिलं ऑस्कर मिळालं. १९३८ मध्ये कॅरी ग्रँट यांच्यासोबत त्यांचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ हा विनोदी चित्रपट आला. खर्च ठरल्यापेक्षा वाढला होता, त्यामुळे आरकेओ स्टुडिओला तोटा झाला. चित्रपटात सगळीच पात्रं विक्षिप्त होती, हीच चूक झाली, असं दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांचं नंतरचं मत.

त्याच वर्षी चित्रपटगृहमालकांच्या संघटनेनं हेपबर्न यांना तिकीटबारीवर न चालणाऱ्या कलाकारांच्या यादीत टाकलं. त्या पैसे भरून करारातून मोकळ्या झाल्या आणि रंगभूमीवर परतल्या. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ हे नाटक गाजलं. त्याचे चित्रपटहक्क हाती असल्यानं १९४० च्या चित्रपटात नायिका त्याच राहिल्या. पुढे आणखी तीन ऑस्कर मिळाली. २००३ मध्ये त्यांचं निधन झालं. पडलेला तो चित्रपट मात्र आज अभिजात मानला जातो.