डिग्री नसलेला प्रोफेसर

इमेज प्रोसेसिंगच्या व्हायवाला केएल ट्रान्सफॉर्म हमखास विचारतात. कारहुनेन आणि लोएव्ह ही दोन नावं आपण घोकून जातो. माझा रूम पार्टनर फायनल इयरचा. व्हायवाच्या आदल्या रात्री तो मोठमोठ्यानं पाठ करत होता आणि मी झोपायचा प्रयत्न करत होतो. त्याच्या पुस्तकात खाली बारीक अक्षरात एक तिसरं नाव होतं. कोसंबी! हेच गणित या दोघांच्याही आधी, 1943 साली, दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मांडलं होतं. आपला मराठी माणूस, आणि व्हायवाला त्याचं नाव कुणी घेत नाही. झोप तर उडालीच होती, म्हणून मी त्यांची माहिती शोधायला बसलो आणि मुलाला शोधता शोधता बापाच्या गोष्टीत अडकलो. हा लेख त्या बापावर आहे.

त्यावेळी दुसरंही एक प्रकरण चालू होतं. नव्या धोरणाप्रमाणे आम्हाला मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह निवडायचे होते. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी डेटा सायन्स टाकलं. मला भाषा हवी होती, त्यातही पाली. पोरं हसली. घरी फोन केला तर बाबांनी फक्त एवढंच विचारलं की ते शिकून करतेत काय. आम्ही शेंदूरजनाघाटचे. आमच्याकडे कोणत्याही गोष्टीला आधी हाच प्रश्न असतो आणि तो चुकीचाही नाही. कलम लावलं की पाच-सहा वर्षांनी संत्रा लागला पाहिजे, नाहीतर ते लावायचं कशाला?

धर्मानंद कोसंबींना हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल!

त्यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. वडील दामोदर, घरी नारळाची बागायत. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य. शाळा म्हणाल तर थोडीफार मराठी, बस्स. प्रकृती किरकोळ. पंधराव्या वर्षाच्या आसपास बाळाबाईंशी लग्न झालं. म्हणजे पोरगा बागायत सांभाळणार आणि तिथंच म्हातारा होणार, असा सरळ हिशोब. पण त्यांच्या हाती 'बालबोधमेवा' नावाचं लहान मुलांचं एक मासिक पडलं. त्यात बुद्धाबद्दल एक लेख होता. लहान मुलांसाठी लिहिलेला तो लेख या विशीतल्या गड्याच्या डोक्यात जाऊन बसला. या माणसाबद्दल सगळं शिकायचं, असं त्यांनी ठरवलं. पण शिकायचं कुठं? बुद्धाची शिकवण ज्या भाषेत लिहून ठेवलीय ती पाली शिकवणारा माणूस त्यांच्या आसपास कुठंच नव्हता. ज्या देशात बुद्ध झाला त्या देशातून ती विद्याच निघून गेली होती.

1899 च्या शेवटी त्यांनी घर सोडलं. आधी एक-दोनदा प्रयत्न फसले होते. थोरली मुलगी माणिक त्याच वर्षी जन्मली होती.

इथं मी थांबतो, कारण सुटीत ही गोष्ट सांगितली तेव्हा माझी आईही इथंच थांबली होती. बाकी हार्वर्ड वगैरे तिनं ऐकून घेतलं, पण मध्येच विचारलं की त्या बाईचं काय झालं, लेकरू किती महिन्यांचं होतं. माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. थोर माणसांच्या चरित्रात घर सोडणं हा एका ओळीचा कार्यक्रम असतो. मागे राहिलेल्या बाळाबाईंना मात्र पुढची जवळजवळ सात वर्षं काढायची होती, तीही गावातल्या लोकांच्या नजरा झेलत. मला धर्मानंद आवडतात. तरी हा हिशोब काही जुळत नाही, आणि तो जुळला असं दाखवायला मी इथं बसलो नाही.

तर पुढे. पुण्यात ते डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले. मग ग्वाल्हेरमार्गे काशी. पाली कळायची तर आधी संस्कृत पाहिजे, म्हणून काशीत गंगाधरशास्त्री तेलंगांसारख्या पंडितांकडे व्याकरण शिकले. जेवण अन्नछत्रात. आपण मेसच्या भाजीवर निवेदन देतो, हा माणूस दुसऱ्याच्या दानाच्या ताटावर संस्कृत शिकत होता. 1902 साली नेपाळला गेले. वाटलं होतं, बुद्धाच्या जन्मभूमीजवळ काहीतरी सापडेल. तिथं निराशाच झाली. मग बोधगया, मग कलकत्ता, आणि तिथून थेट सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी त्यांना शेवटी पाली मिळाली. साखवाळहून निघून तिथं पोहोचायला तीन वर्षं लागली होती. आपल्याला सर्च करायला तीन सेकंद जास्त लागले तर नेटवर्कला शिव्या घालतो आपण!

पालीची एक गंमत आपल्या ब्रँचच्या पोरांना पटकन कळेल. या भाषेला स्वतःची लिपी नाही. सिंहलात सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयामात तिथल्या लिपीत, आणि युरोपातल्या पंडितांनी ती रोमनमध्ये छापली. डेटा एकच, एन्कोडिंग प्रत्येक देशाचं वेगळं. त्यामुळे सगळे पाठ ताडून पाहायचे तर या सगळ्या लिप्या आल्या पाहिजेत. धर्मानंद त्या एकामागून एक शिकत गेले. सिलोनमध्ये श्रामणेर झाले. तिथलं खाणं-पिणं मानवेना म्हणून मद्रासला परत आले, मग ब्रह्मदेशात जाऊन भिक्षू झाले. इंग्रजीही शिकले, तीही मोठेपणी.

1906 मध्ये ते कलकत्त्याला आले. स्वदेशीच्या चळवळीत तिथं नॅशनल कॉलेज निघालं होतं, त्यात पाली शिकवू लागले. पुढे कलकत्ता विद्यापीठातही. तेव्हा सर आशुतोष मुखर्जी कुलगुरू होते. भिक्षूची वस्त्रं उतरवून ते पुन्हा संसारात आले आणि बाळाबाईंना कलकत्त्याला घेऊन गेले. 1907 मध्ये मुलगा झाला, आजोबांचं नाव ठेवलं दामोदर. हाच आपला केएल ट्रान्सफॉर्मवाला!

आता खरं तर गोष्ट सुखात संपायला हवी. नोकरी, पगार, घर, सगळं झालं. पण धर्मानंदांना सारखं वाटत होतं की आपण शिकलो ते मराठी माणसाला मिळालं पाहिजे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी तयारी दाखवली. महाराष्ट्रात राहून काम करा, महिना 50 रुपये देतो, तीन वर्षं. कलकत्त्याचा पगार याच्यापेक्षा पुष्कळ जास्त होता. धर्मानंदांनी 50 रुपये घेतले! प्लेसमेंट सेलच्या भाषेत सांगायचं तर मोठं पॅकेज सोडून घराजवळचं लहान पॅकेज.

त्याचवेळी हार्वर्डचे प्रोफेसर जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले होते. त्यांना पाली जाणणारा माणूस हवा होता. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन पंडितानं 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करायला घेतली होती आणि काम अर्धवट टाकून 1899 मध्ये तो वारला होता. विसुद्धिमग्ग म्हणजे बुद्धघोषानं पाचव्या शतकात सिलोनमध्ये लिहिलेला प्रचंड ग्रंथ. शील, समाधी, प्रज्ञा असे तीन टप्पे, तेवीस प्रकरणं. साधकानं कुठून सुरुवात करायची आणि कुठं पोहोचायचं याचं जवळपास संपूर्ण मॅन्युअल. 1910 मध्ये धर्मानंद अमेरिकेला गेले. मॅट्रिकसुद्धा नसलेला माणूस हार्वर्डमध्ये प्रोफेसर लॅनमन यांच्या बरोबरीनं बसून वेगवेगळ्या लिप्यांतले पाठ ताडून पाहत होता.

आणि तिथंच ठिणगी पडली. पुस्तकावर नाव कुणाचं? लॅनमनना वॉरनचं नाव मोठं ठेवायचं होतं. धर्मानंदांचं म्हणणं होतं की इतकं काम मी केलंय तर त्याचं श्रेय तसं दिसलं पाहिजे. ते अडून राहिले. 1912 मध्ये काम तसंच टाकून परत आले. आमच्या गावात नर्सऱ्या पुष्कळ. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचं काम उन्हात वाकून करणारे हात वेगळे असतात, आणि बाग कुणाची म्हटलं की नाव मालकाचं येतं. त्यामुळे या भांडणात माझं मन कुणाच्या बाजूला आहे ते सांगायला नको. अर्थात वॉरननंही मरेपर्यंत त्यावर राबून ठेवलं होतं, हेही खरं. पण धर्मानंद पैशासाठी भांडत नव्हते. पैसा तर त्यांनी आधीच सोडून दाखवला होता.

1912 ते 1918 ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. भांडारकरांच्या प्रयत्नानं मुंबई विद्यापीठात पाली विषय सुरू झाला होता. म्हणजे ज्या विषयासाठी एका पोराला घर सोडून समुद्रापार जावं लागलं, तो आता पुण्यातल्या पोराला टाइमटेबलमध्ये मिळत होता. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हेच.

या वर्गातून पु. वि. बापट तयार झाले. बापटांचं वेगळं सांगायला हवं, कारण पाली शिकलेला माणूस तिबेटीपर्यंत कसा जातो ते त्यांच्यामुळे कळतं. बुद्धघोषाच्या आधी 'विमुत्तिमग्ग' नावाचा असाच एक ग्रंथ होता. मूळ पाली हरवलं. शिल्लक राहिलं चिनी भाषांतर, आणि एका भागाचं तिबेटी भाषांतर. मग गुरूचा विसुद्धिमग्ग नीट कळायचा तर चेल्याला चिनी आणि तिबेटी शिकणं भाग पडलं. दोन्ही ग्रंथांची तुलना करणारं बापटांचं पुस्तक 1937 मध्ये आलं आणि तिबेटीतला तो भाग त्यांनी 1964 मध्ये इंग्रजी भाषांतरासह छापला. नालंदा जळून गेली तरी तिथले कितीतरी ग्रंथ तिबेटी भाषांतरात जिवंत राहिले. आपल्याकडे बॅकअप नव्हता, त्यांच्याकडे होता. तिबेटी म्हटलं की आपल्याला थंडीतले स्वेटर आठवतात. आपल्याच विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला, 1972 पासून त्यांची वसाहत आहे, आणि मला हे परवापर्यंत माहीत नव्हतं.

धर्मानंद पुन्हा हार्वर्डला गेले, 1918 मध्ये. यावेळी माणिक आणि दामोदर दोघांना बरोबर नेलं. दामोदर तिथंच शिकून गणिती झाला. नंतर धर्मानंद गुजरात विद्यापीठात, मग परत हार्वर्ड, 1929 मध्ये रशियात लेनिनग्राडला, 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहात आणि तुरुंगात. एका जागी हा माणूस टिकतच नाही. मुंबईत परळला कामगारवस्तीत त्यांनी 1937 मध्ये बहुजन विहार काढला. पाली पंडितांच्या कपाटात राहू नये, ज्यांना कुणी शिकवलं नाही त्यांच्यापर्यंत जावी, हा त्यामागचा विचार.

त्यांचं 'भगवान बुद्ध' मी पूर्ण वाचलं. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं ही शाळेतली गोष्ट त्यांना पटत नाही. जुने पाली संदर्भ काढून ते सांगतात की शाक्य आणि कोलीय यांच्यातलं भांडण हे खरं कारण, रोहिणी नदीच्या पाण्यावरून चालणारं. पुढे बाबासाहेबांच्या ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचा तंटा येतो. वरुड तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडे बोअर खाली खाली चाललेत आणि धुऱ्यावरच्या भांडणात सख्खे भाऊ बोलेनासे झालेत. बाबांना हा भाग वाचून दाखवला. त्यांनी पाली शिकून करतेत काय हा प्रश्न त्यानंतर विचारला नाही. पटलं म्हणून की कंटाळले म्हणून, माहीत नाही.

शेवटचं ऐकून मला धक्का बसला, कारण ते आपल्या इतक्या जवळ घडलंय. आमच्याकडून आष्टी, तळेगाव, आर्वी करत वर्ध्याला जाता येतं, आणि वर्ध्याला लागूनच सेवाग्राम. शाळेच्या सहलीत मी बापूकुटी पाहिली आहे, डबा खाल्ला आहे, फोटो काढले आहेत. त्याच आश्रमात, शरीर आता कामाचं राहिलं नाही असं ठरवून, सत्तर वर्षांच्या धर्मानंदांनी 1947 च्या उन्हाळ्यात अन्न सोडलं. आधीच्या वर्षी गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी असाच उपवास थांबवला होता. यावेळी थांबवला नाही. जवळजवळ महिनाभरानं, 4 जूनला ते गेले. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आलं होतं. हे बरोबर होतं का, यावर आमच्या रूमवर रात्री दोनपर्यंत वाद झाला. काही ठरलं नाही.

हार्वर्डचा विसुद्धिमग्ग छापून आला 1950 मध्ये. धर्मानंदांना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुखपृष्ठावर संपादक वॉरन, आणि सुधारून देणारे धर्मानंद कोसंबी. पण तोपर्यंत त्यांनी आपला मार्ग काढला होता. 1940 मध्येच भारतीय विद्या भवनातून त्यांनी तोच ग्रंथ देवनागरीत छापला होता, म्हणजे इथल्या पोराला सिंहली किंवा रोमन लिपी शिकायची गरज उरली नाही.

त्या नागरी आवृत्तीची स्कॅन केलेली पानं माझ्याकडे आहेत. फॉर्मवर मी पाली टाकलं. यादीत नसल्यामुळे ते मिळालं नाही, डेटा सायन्सच मिळालं. म्हणून रात्री जेवण झाल्यावर रोज अर्धं पान वाचतो, समोर शब्दकोश. दोन महिने झाले, अजून पहिल्या निद्देसातच आहे.