आयडा वेल्स

जमावानें केलेल्या खुनास खुनी कोणीच नसतो, अशी समजूत फार जुनी आहे. ती खोडून काढण्यांत आयडा वेल्स यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें.

अमेरिकेंतील मिसिसिपी प्रांतांत १८६२ सालीं काळ्या गुलाम आईबापांच्या पोटीं त्यांचा जन्म झाला. सोळाव्या वर्षीं आईबाप पीतज्वरानें गेले. धाकट्या भावंडांसाठीं त्यांनीं शिक्षकिणीचा पेशा पत्करिला. (आमच्याच पेशाच्या म्हणून आम्हांस त्यांचें अधिक अगत्य.) पुढें मेंफिस शहरीं त्या वर्तमानपत्र चालवूं लागल्या.

१८९२ च्या मार्चांत तेथें गोऱ्या वाण्याशीं झालेल्या तंट्यावरून अटकेंत असलेले थॉमस मॉस हे त्यांचे स्नेही व दोन सोबती यांस जमावानें तुरुंगांतून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. शिक्षा कोणासही झाली नाहीं. बाईंनीं केवळ मारेकऱ्यांस नव्हे, तर गप्प बसणाऱ्या प्रतिष्ठितांस व मेलेल्यांवर आळ छापणाऱ्या पत्रांसही जाब विचारिला. बाजारांत चोर म्हणून कोणास मार पडत असतां कडेनें निघून जाणारे आम्हीही आहोंच.

मे महिन्यांत त्या परगांवीं असतां त्यांचा छापखाना मोडण्यांत आला. मग गोऱ्यांच्याच पत्रांतील आंकडे घेऊन त्यांनीं १८९५ सालीं पुस्तक काढिलें.

१९०९ सालीं इलिनॉय प्रांतांतील केरो गांवीं जमावानें कैदी मारिला, तेव्हां तेथील शेरीफाची जागा गेली. ती परत मागावयास तो गव्हर्नरापुढें आला. बाईंनीं गांवीं जाऊन चौकशी केली आणि कैद्याचें रक्षण त्यानें कसें केलें नाहीं, तें मांडिलें. जागा त्यास मिळाली नाहीं.

१९३१ सालीं त्या शिकागोंत वारल्या. जमावानें केलेल्या हत्येविरुद्ध सबंध अमेरिकेचा कायदा २०२२ सालीं झाला.